पिवळ्या टोपणाची नळी

१

सकाळी वॉर्डात एक बाई गेली आणि दुपार व्हायच्या आत आम्ही तिच्या थोरल्या जावेला कोंडून ठेवलं.

आम्ही म्हणजे रुग्णालयानं. कोंडण्यात माझा हात नव्हता, पण खोली माझ्या मजल्यावरची, म्हणून मीही त्यात आलेच. चादरी आणि गाऊन ठेवायची ती खोली तळघरात, माझ्या टेबलापासून दोन दारं पलीकडे. मोठे साहेब, म्हणजे आमचे अधीक्षक, दाराला बाहेरून कडी घालत मला म्हणाले, "तिच्याच सुरक्षिततेसाठी हो."

"मग कडी आतून हवी," मी म्हटलं.

त्यांनी न ऐकल्यासारखं केलं. ते त्यांना उत्तम जमतं.

मी पॅथॉलॉजिस्ट. इथले लोक मला तळघरातल्या बाई म्हणतात आणि मेलेल्या माणसांशिवाय मला दुसरा उद्योग नाही असं धरून चालतात. खरं म्हणजे माझ्याकडे येणारे बहुतेक तुकडे जिवंत माणसांचे असतात. गाठ साधी की वाईट, हे सूक्ष्मदर्शकाखाली बघून सांगायचं, हे माझं रोजचं काम. शवविच्छेदन क्वचित. पण एकदा नाव पडलं की पडलं.

तळघरातून बाहेर पडायला एकच जिना. त्यावर गेलेल्या बाईचं, म्हणजे धाकटीचं, सासर आणि माहेर दोन्ही येऊन बसलं होतं. छताला लागून जाळीच्या खिडक्या आहेत, त्यांतून एरवी रस्त्यावरून जाणारे पाय दिसतात. त्या दिवशी पाय जात नव्हते. थांबलेले होते, चवडे आमच्याकडे करून.

घडलं ते असं. धाकटीचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, नीट झालं. दोन दिवस बरी होती. त्या सकाळी उठून न्हाणीघरापर्यंत जाऊन आली आणि तिला एकदम श्वास लागला. वॉर्डातल्या डॉक्टरनं घाईनं रक्त काढायला सांगितलं. त्या वॉर्डाची सिस्टर म्हणजे तिची थोरली जाऊच. तिनं रक्त काढलं, ते खाली प्रयोगशाळेत आलं, आणि खालून वर फोन गेला: पोटॅशियम इतकं वाढलंय की माणूस जगणं कठीण. डॉक्टरनं ते उतरवायची औषधं सुरू केली. औषधं चालू असतानाच धाकटी गेली.

आता पोटॅशियम असं बसल्या जागी आभाळाला भिडत नाही. कुणी शिरेतून एकदम दिलं, तरच. त्यानं हृदय तिथल्या तिथे थांबतं. पोटॅशियमच्या कुप्या वॉर्डातल्या कुलपाच्या कपाटात, किल्ली सिस्टरच्या कमरेला, आणि दोघी जावांमधून विस्तव जात नाही हे वॉर्डातल्या पेशंटांनाही ठाऊक.

"हिनंच टोचलं!" जिन्यावरून सासूबाईंचा आवाज येत होता. "घरात जमलं नाही ते इथं केलं मेलीनं!"

"संध्याकाळी पोलीस येतील," साहेब मला म्हणाले. "तोवर तुमचं शवविच्छेदन उरकून टाका."

"उरकायला ती काय भांडी आहेत?"

"अहो, औपचारिकता."

ते जिन्याकडे गेले आणि मी तिथेच उभी राहिले. कारण एक गोष्ट त्यांना माहीत नव्हती आणि मला होती. मेल्यावर प्रत्येकाच्याच रक्तात पोटॅशियम वाढतं. पेशी फुटतात, आतलं बाहेर येतं. थोरलीनं टोचलं असेल तरी ते मला देहात दिसणार नव्हतं. आणि तिनं टोचलं नसेल, तर तेही मला देहावरून कधीच सिद्ध करता येणार नव्हतं.

२

मी हत्यारं मांडत होते तेवढ्यात धाकटीचा नवरा एकटाच खाली आला. दारातच थबकला. आमच्याकडच्या औषधांच्या वासानं नवख्या माणसाचे डोळे चुरचुरतात.

"आई म्हणते, कापायचं नाही," तो म्हणाला.

"आणि तुमचं काय म्हणणं?"

"माझं अजून कुणी विचारलं नाही."

मी त्याला स्टूल दिलं. तो बसला, पुन्हा उठला, पुन्हा बसला.

"कापून ती परत येणारे का?"

"नाही."

"मग कशाला?"

हा प्रश्न मला अनेकदा विचारतात आणि दर वेळी उत्तर देताना जड जातं. "आमचं घर एक आहे, पण चुली वेगळ्या," मी म्हटलं. "मी तुकडे बघते. रक्ताच्या पेशी मोजणाऱ्या बाई पलीकडे बसतात. क्षार, साखर बघणारे समोर. जंतू बघणारे वरच्या मजल्यावर. तुमची बायको जिवंत होती तेव्हा प्रत्येकानं तिचं एवढं एवढं पाहिलं. कुणी नळीभर, कुणी थेंबभर. अख्खी कुणीच पाहिली नाही. शवविच्छेदनात बघतात. मेलेल्यासाठी ते नसतंच. ते मागे राहिलेल्यांसाठी असतं."

"वहिनीसाठी?"

"तुमच्यासाठीही. उद्या तुम्ही घरी जाल. भाऊ तिथेच असेल, आई तिथेच असेल. खरं काय झालं ते माहीत नसताना एका छपराखाली राहाल कसे?"

त्यानं स्टूल जवळ ओढलं. "वहिनीनं केलं असेल का हो?"

"माहीत नाही."

"आणि तिनंच केलं असं निघालं तर?"

"तर तेच सांगेन. मी तिच्या बाजूची नाही, तुमच्याही नाही."

तेव्हा त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "ऑपरेशनचे टाके कसे दिसतात म्हणून काल आरसा मागत होती," तो म्हणाला. "वेडी."

"मी स्वतः शिवीन. बारीक."

त्यानं मान हलवली आणि उठला. जिन्यावर त्याच्या आईनं त्याला काय विचारलं ते ऐकू आलं नाही. रडण्याचा आवाज मात्र आला, आणि खिडकीतले पाय आणखी जवळ सरकले.

३

पेशंट गेला की त्याच्या डॉक्टरनं शवविच्छेदनाला हजर राहावं असा चांगला नियम आहे आणि तो बहुतेक जण चुकवतात. वॉर्डातली डॉक्टर मात्र न बोलावता आली. लहानखुरी, हुशार मुलगी. आमच्या क्षारवाल्यांची लेक. क्षारवाले म्हणजे समोरच्या प्रयोगशाळेचे प्रमुख, ज्यांनी तो पोटॅशियमचा आकडा काढला होता. बाप खाली, मुलगी वर, आणि दोघं एकमेकांशी कामापुरतं बोलायची, कारण आपण लेकीला झुकतं माप देतो असं कुणी म्हणू नये याची बापाला फार काळजी.

"बघायला हवं मला," ती म्हणाली. तिचा चेहरा त्या टेबलावरच्या बाईपेक्षा पांढरा होता.

"बघ. पडणार असशील तर भिंतीकडे पड."

फार लांबण लावत नाही. हृदयापासून फुप्फुसांकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी उघडली आणि तिच्या तोंडाशीच ते बसलेलं होतं. रक्ताची गुठळी. जाड, वळसे घेतलेली, दोन्ही फुप्फुसांच्या फाट्यावर आडवी अडकलेली. मग मी डावी पोटरी पाहिली. तिथल्या शिरेत त्याच गुठळीचं शेपूट उरलं होतं. ऑपरेशननंतर माणूस पडून राहतो, पायात रक्त साकळतं, पहिल्यांदा नीट चालला की ते सुटून वर जातं. हजारात एखाद्याला होतं, पण ज्याला होतं त्याला पूर्ण होतं.

"ही गुठळी होती," मुलगी म्हणाली. "आणि मी पोटॅशियम उतरवत बसले."

"आकडा तसा आला होता."

"हो. आकडा आला होता."

ती भिंतीकडे गेली, पण पडली नाही.

मला वाटलं, संपलं. मी हात धुऊन साहेबांना बोलावलं, गुठळी दाखवली आणि थोरलीला सोडा म्हटलं. साहेबांनी रुमाल नाकाला लावून ती बशी पाहिली.

"पण दोन्ही असू शकतं ना? गुठळीही आणि इंजेक्शनही?"

शास्त्र म्हणून मला 'नाही' म्हणता येईना.

"आकडा कागदावर आहे बाई. गुठळी तुमच्या बशीत आहे. लोक कागद वाचतात. तुम्ही सोडवलंत तर बाहेर म्हणतील, रुग्णालयानं आपल्या सिस्टरला वाचवलं. जिन्यावर पन्नास माणसं आहेत. माझ्यात नाही ती हिंमत."

निदान खरं बोलला माणूस. तो आकडा चूक आहे हे दाखवल्याशिवाय ती कडी निघणार नव्हती. आणि आकडा काढणारा माणूस आमच्या इमारतीत कधीच चुकत नाही अशी ख्याती.

४

कडी काढून मी आत गेले तर थोरली चादरींच्या घड्या घालत होती. खोलीला खिडकी नव्हती. चादरी आधीच घड्या घातलेल्या होत्या. ती मोडून पुन्हा घालत होती.

"बसा मॅडम," तिनं एका गठ्ठ्याकडे हात केला. स्वतः बसली नाही.

"धाकटीशी तुमचं काय वाकडं होतं?"

"कुकरचं झाकण."

"काय?"

"माझं झाकण तिच्या कुकरला, तिचं माझ्या. एक दिवस तिचा कुकर फसफसला, सगळं वरण छताला. तिला वाटलं मी मुद्दाम बदललं. तिथून जे सुरू झालं ते झालं. सासूबाईंनी तेल ओतलं, आम्ही दोघींनी ते जळू दिलं. जावाजावा उभा दावा म्हणतात ना, आमचा तर आडवाही होता." ती हसली नाही. "पण झाकणावरून कुणी कुणाला मारतं का हो?"

"झाकणापेक्षा कमीवरून मारलेली माणसं मी पाहिलीत. पोटॅशियमची कुपी काढली होती कपाटातून?"

"काढली होती. पलीकडच्या खाटेवरच्या आजोबांना जुलाब लागलेत, त्यांच्या सलाईनमध्ये घातली. सांगितलं मी साहेबांना. ते म्हणाले, आजोबांची साक्ष कोण धरणार, त्यांना स्वतःचं नाव आठवत नाही."

"रक्त काढलंत ते कसं?"

"सिरिंजनं. हातात शीर सापडेना, मनगटाशी एक मिळाली. आधी जांभळ्या टोपणाची नळी भरली. रक्त गोठू नये म्हणून ती आधी. रेघेपर्यंत भरली. उरलं ते क्षारवाल्यांच्या पिवळीत सोडलं. पिवळी कमी पडली."

"किती कमी?"

"बुडाशी होतं नुसतं. क्षारवाले परत पाठवणार हे दिसतच होतं. मी डॉक्टरांना तसं म्हटलं आणि नळ्या त्यांच्या हातात दिल्या."

"दुसऱ्यांदा का नाही टोचलं?"

तिनं चादर उलगडली. कोपऱ्याला कोपरा जुळवला. तिच्या हाताबद्दल मी ऐकून होते. तान्ह्या बाळाची शीर अंधारात शोधणारी बाई ती.

"नाही टोचलं," ती म्हणाली.

"का?"

"नाही टोचलं मॅडम. तुम्हाला काय लिहायचं ते लिहा."

मी बाहेर आले, आणि मला कडी पुन्हा घालावी लागली. जिन्याच्या तोंडाशी साहेबांनी पहारेकरी बसवला होता आणि तो माझ्या हाताकडे बघत होता. कडीचा आवाज मला पाठीत लागला.

५

क्षारवाले त्यांच्या यंत्रापुढे पाठ करून बसले होते. यंत्र बंद होतं.

या गृहस्थांबद्दल थोडं सांगायला हवं. नळीत रक्त कमी, परत. नावाचं अक्षर पुसट, परत. नळी हलवलेली, परत. सगळ्या वॉर्डात त्यांना 'परत' हेच नाव आहे. मुलगी कामाला लागली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिची नळी त्यांनी सगळ्यांदेखत परत पाठवली आणि निरोप दिला, "डॉक्टरांना म्हणावं, नळी भरायला शिका." सगळे हसले. ती पण हसली, पण मी तिचे कान बघितले होते. लाल झाले होते.

"ती सकाळची पिवळी नळी कशी होती हो?" मी विचारलं. "भरलेली?"

"काठोकाठ," ते पाठमोरेच म्हणाले. "कमी असती तर मी घेतली असती का?"

"ती दाखवता?"

"टाकून दिली."

"तुम्ही तर आठवडाभर नळ्या ठेवता."

"एक सांडली. टाकली. माणूस आहे मी."

"कॅल्शियम बघितलंत का तिच्यात?"

"मागितलं नव्हतं. वॉर्डानं फक्त पोटॅशियम मागितलं होतं." त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "बाई, मला काम आहे."

यंत्र बंदच होतं.

मी तिथून रक्तवाल्या बाईंकडे गेले. पेशी मोजणाऱ्या. बोलक्या, डब्यातून सतत काहीतरी चघळणाऱ्या. "धाकटीची जांभळी ना? आहे की." त्यांनी फ्रिज उघडून नळी माझ्यापुढे धरली. "ही बघा, अर्धीसुद्धा नाही. मी म्हटलं, अहो डॉक्टर, एवढ्यात मी काय मोजू? तर म्हणाल्या, घाई आहे, भागवा. आमच्या यंत्राला थेंबभर पुरतं म्हणून भागलं."

"कोण डॉक्टर?"

"वॉर्डातल्या. स्वतःच पळत आल्या होत्या ना, दोन्ही नळ्या घेऊन. शिपायाची वाट बघितली नाही पोरीनं. गुणाची आहे हो."

मी नळी प्रकाशात धरली. थोरली म्हणत होती जांभळी भरलेली आणि पिवळी रिकामी. खाली पोचल्या तेव्हा पिवळी काठोकाठ आणि जांभळी अर्धी. एकीतलं दुसरीत गेलं होतं, आणि मधल्या जिन्यावर दोन्ही नळ्या एकाच माणसाच्या हातात होत्या.

६

मी परत गेले आणि दार लोटून घेतलं. क्षारवाले तसेच बसले होते.

"परतसाहेब," मी म्हटलं. तोंडावर त्यांना तसं कुणी म्हणत नाही. "तुम्ही कॅल्शियम बघितलं नाही हे मला पटत नाही."

"सांगितलं ना, मागितलं नव्हतं."

"न मागता किती गोष्टी बघता तुम्ही! आकडा जरा वेडावाकडा आला की नळीत रक्त फुटलंय का, नाव बरोबर आहे का, सगळं बघता. आज तुमच्या उभ्या नोकरीतला सगळ्यात मोठा आकडा आला आणि तुम्हाला काहीच तपासावंसं वाटलं नाही? तुम्हाला? या इमारतीत आता ते कॅल्शियम बघायची गरज नसलेला माणूस एकच. ज्यानं आधीच बघितलंय तो."

त्यांनी बंद यंत्रावरून हात फिरवला.

"जांभळीत रक्त गोठू नये म्हणून औषध असतं. ते पोटॅशियमचाच क्षार. रक्तातलं कॅल्शियम ते धरून ठेवतं, म्हणून रक्त पातळ राहतं. त्यातलं रक्त पिवळीत ओतलं की पोटॅशियम आभाळात आणि कॅल्शियम पाताळात. जिवंत माणसात असं जोडीनं होत नाही. हे मी तुम्हाला शिकवत नाही, तुम्हीच मला शिकवलंय. किती होतं कॅल्शियम?"

"नव्हतंच," ते म्हणाले. आवाज ओळखू येईना. "नव्हतंच जवळजवळ. आधी मी आकडा फोनवर सांगितला, घाई होती म्हणून. मग कॅल्शियम बघितलं. पुन्हा फोन केला तर वरून म्हणाले, पेशंट गेला."

"आणि नळी कुणी आणली होती ते आठवलं."

"ती मलाच देऊन गेली ना हातात. पळत आली होती. केस सुटले होते." त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. "बाई, तिला माहीतच नाही. तिला वाटतंय सिस्टरनं टोचलं. चूक आपली नाही या समजुतीवर ती उभी आहे. ती समजूत मी कशी काढून घेऊ? माझी एकुलती एक आहे हो."

मला त्यांचा राग आला आणि दयाही आली. दोन्ही एकदम आलं की माणसाला नीट भांडता येत नाही.

"पलीकडच्या खोलीत एक बाई घातलेल्या घड्या मोडून पुन्हा घालतेय," मी म्हटलं. "संध्याकाळी तिला नेतील. मग तुम्ही रोज ही खोली उघडाल, यंत्र लावाल, नळ्या परत पाठवाल? जमेल?"

"नाही जमणार. पण तिच्यासाठी जमवीन."

"काय जमवाल, बाबा?"

दार मी लोटलं होतं, लावलं नव्हतं. मुलगी उंबऱ्यात उभी होती. किती ऐकलं होतं कुणास ठाऊक, पण तिचे कान लाल होते.

क्षारवाले उठले. "तू वर जा. इथं तुझं काही काम नाही."

"मी जांभळीतलं पिवळीत ओतलं," ती म्हणाली. "जिन्याच्या वळणावर. टोपणं काढली, ओतलं, लावली. त्यानं आकडा बदलतो हे माझ्या डोक्यातच आलं नाही. कुठेतरी वाचलं असेन, पण तेव्हा डोक्यात एकच होतं. तुम्ही परत पाठवली असती."

बाप एक पाऊल तिच्याकडे गेला.

"पाठवली असती ना, बाबा?"

"हो," ते म्हणाले. "पाठवली असती."

खिडकीतल्या पायांपैकी एक जोडी खाली बसली, गुडघे दिसले, आणि कुणाचा तरी चेहरा जाळीला लागून आत बघू लागला.

मग ती माझ्याकडे वळली. "मॅडम, मी गुठळीचं औषध दिलं असतं तर वाचली असती?"

"गुठळी फार मोठी होती. बहुतेक नाही."

"बहुतेक?"

"तो शब्द मला काढता येत नाही, बाळ. देह उघडला की काय झालं ते कळतं. काय झालं असतं ते त्यात नसतं."

तिनं मान हलवली. मला वाटलं, आता ती रडेल. ती जिन्याकडे निघाली. क्षारवाले तिच्या मागे धावले, दंड धरला, म्हणाले, "थांब, मी सांगतो, मी म्हणतो यंत्र बिघडलं होतं."

"तुम्ही कधी चुकत नाही, बाबा. कुणाचा विश्वास बसणार नाही."

हे तिनं टोचून म्हटलं नाही. त्यांनी दंड सोडला. मग तेही तिच्याबरोबर चालायला लागले.

७

जिन्यावर ती काय बोलली ते मी सगळं ऐकलं, पण सगळं सांगत नाही. तिनं 'आमच्याकडून' असं कुठे म्हटलं नाही. 'मी' म्हटलं. जांभळी नळी मी वर धरून दाखवली, आणि थोरलीनं मला काय सांगितलं, काय नाही, तेही सांगितलं. साहेब मध्येच म्हणाले, "हे आपण आत बसून बोलू," आणि धाकटीच्या भावानं त्यांची कॉलर धरली. क्षारवाले लेकीच्या पुढे उभे राहिले. त्यांना दोन थपडा बसल्या. चष्मा पायऱ्यांवरून खाली गेला आणि त्यांनी तो शोधलासुद्धा नाही.

गोंधळ थांबवला तो धाकटीच्या नवऱ्यानं. तो ओरडला नाही. नुसता मधून चालत खाली आला आणि चादरींच्या खोलीची कडी काढली.

थोरली बाहेर आली. उजेडात डोळे बारीक केले. कुणीतरी तिला सगळं एका दमात सांगितलं: नळी, ओतणं, आकडा, पोटरीतली गुठळी. ती ऐकत होती. सुटले म्हणून तिनं सुस्कारा टाकला नाही की डॉक्टरला शिव्या दिल्या नाहीत. सासूबाई दोन पायऱ्या खाली उतरल्या होत्या आणि तिथेच अडकल्या होत्या. तोंडाला पदर, पुढे येववेना, मागे जाववेना.

"वहिनी," धाकटीचा नवरा म्हणाला, "एक विचारू? तुम्ही मघाशी मॅडमना सांगितलं नाही म्हणे. पिवळी नळी कमी का पडली? तुमच्या हातून? ती नळी भरली असती तर यातलं काहीच..."

मलाही तेच उत्तर हवं होतं. सबंध कोड्यात तेवढी एकच गाठ माझ्याकडून सुटली नव्हती, आणि खरं सांगायचं तर तिचं उत्तर काय येईल याची मला भीती वाटत होती.

"सुई आतच होती," थोरली म्हणाली. "रक्त येत होतं, हळूहळू. अजून थोडं थांबले असते तर भरली असती. तिला श्वास पुरत नव्हता, आणि सुई सहन होईना. तीन दिवस ती मला सिस्टर म्हणत होती, परक्या बाईला म्हणावं तसं. तेव्हा तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, 'जाऊबाई, पुरे आता.'"

तिनं सासूबाईंकडे पाहिलं, मग धाकटीच्या नवऱ्याकडे.

"इतक्या वर्षांनी म्हणाली हो. मी लगेच सुई काढली."